कोंबडी कोरड्याची, बदक ओल्याचे

एकदा आमच्या परसात मोठी गंमत झाली. खुडूक कोंबडीखाली आम्ही बदकाची अंडी ठेवली होती. दहा पिल्ले निघाली. पिवळी, गुबगुबीत. कोंबडीला वाटले, आपलीच. ती त्यांना घेऊन हिंडू लागली. तीन आठवडे झाले. एक दिवस ती पऱ्याच्या काठी गेली. पिल्लांनी पाणी पाहिले मात्र, धडाधड आत शिरली! कोंबडी काठावर नुसती ओरडते आहे, पंख आपटते आहे. पिल्ले मजेत पोहत आहेत.

शेजारच्या वहिनी धावत आल्या. पाहून हसल्या नि म्हणाल्या, "गुरुजी, आई कोरड्यावर आणि पोरं पाण्यात! ह्यांचं जमायचं कसं?"

वहिनींचा प्रश्न खरा होता. कोंबड्या आणि बदके एका परसात जमतात का? जमतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कोंबडी कोरड्याची आणि बदक ओल्याचे. हे विसरले की नुकसान होते. आमचेही झाले. ते पुढे सांगू.

बदक का पाळावे?

बदकाचे अंडे गावठी कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठे असते. साधारण ६५ ते ७० ग्रॅम भरते. बदक गोगलगायी, किडे, गांडुळे, शेवाळ खाते. भात कापल्यावर मळ्यात सांडलेला दाणा वेचते. केरळात कुट्टनाड म्हणून भाताचा मुलूख आहे. तिथे भात कापल्यावर लोक बदकांचे कळपच्या कळप शेतात चारतात.

'खाकी कॅम्पबेल' नावाची एक जात आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कॅम्पबेल नावाच्या बाईंनी ती तयार केली. नीट सांभाळली तर ही बदकी वर्षाला २५० ते ३०० अंडी घालते. गावठी बदकी त्याहून कमी घालते. पण खाकी कॅम्पबेल बदकी अंड्यांवर सहसा बसत नाही. म्हणून तर तिची अंडी कोंबडीखाली ठेवायची.

अंडी बसवताना

कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांनी निघते. बदकाचे २८ दिवसांनी. दोन्ही अंडी एकाच दिवशी ठेवली तर काय होईल? कोंबडीची पिल्ले निघाली की ती उठून जाईल आणि बदकाची अंडी थंड पडतील. म्हणून दोन्ही एकत्र ठेवू नका. अंडी मोठी असतात, तेव्हा एका कोंबडीखाली सहा ते आठच ठेवा. शेवटच्या आठवड्यात अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करा. बदकी ओल्या अंगाने अंड्यांवर बसते. कोंबडी कोरडी, म्हणून ते काम आपण करायचे.

पिल्ले निघाली की लगेच पोहायला सोडू नका. बदकीच्या पिलांच्या अंगाला आईच्या पिसांचे तेल लागते. कोंबडीच्या हाताखालच्या पिलांना ते मिळत नाही. ती भिजतात, गारठतात आणि मरतात. दोन-तीन आठवडे थांबा.

घर एक, खोल्या दोन

कोंबडी रात्री उंचावर बसते. तिला आडवा बांबू लागतो. बदक जमिनीवरच झोपते. बदके बांबूखाली झोपली तर कोंबड्यांची घाण त्यांच्या अंगावर पडते. शिवाय बदकाची विष्ठा पातळ. त्याने सगळी जमीन ओली होते. ओल्या जमिनीवर कोंबडीच्या पिलांना रक्ताची हगवण लागते आणि पिल्ले पटापट जातात. म्हणून खुराडे एक बांधले तरी मध्ये कूड घाला. एकीकडे कोंबड्या, दुसरीकडे बदके. खाली भाताचे तूस पसरा. ओले झालेले तूस रोज काढून टाका.

बदकांच्या खोलीचे दार रुंद ठेवा. बदके बुजरी असतात. दार उघडले की सगळी एकदम घुसतात. दार अरुंद असेल तर पाय मोडतात. मुंगूस आणि कोल्हा रात्री टपून असतात. तेव्हा संध्याकाळी दार लावायला विसरू नका.

सकाळी मात्र बदकांना घाईने सोडू नका. बदकी बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊपर्यंत घालते. आधी सोडली तर अंडे पऱ्यात!

पाणी वेगळे

सगळ्यात महत्त्वाचे हेच. बदकाला पाणी असे हवे, की सगळी चोच बुडावी. चोचीवरच्या नाकपुड्या ते पाण्यात धुते. पाणी उथळ असले तर नाकपुड्या बुजतात, डोळे चिकटतात. आणि बदक पाण्यात गेले की घटकेत त्याचा चिखल होतो. तेच पाणी कोंबड्या प्यायल्या तर आजारी पडतात.

तेव्हा कोंबड्यांचे भांडे विटा रचून उंचावर ठेवा. बदकांचे घमेले परसाच्या उताराला ठेवा. खाली खडी घाला, म्हणजे चिखल होणार नाही. घमेल्यातले घाण पाणी रोज केळीला किंवा अळवाला ओता. पाणी वाया जात नाही आणि केळही पोसते.

नर किती?

बदकाच्या नराची शेपटीची पिसे वर वळलेली असतात. त्याचा आवाज घोगरा असतो. मोठ्याने ओरडते ती मादी. पाच-सहा माद्यांना एक नर पुरे. नर जास्त झाले की ते कोंबड्यांच्या मागे लागतात. बदकाच्या नराने कोंबडीला आतून इजा होते, कधी ती मरतेही. नुसती खायला अंडी हवी असतील तर नर नाही ठेवला तरी चालते. नराशिवायही बदकी अंडी घालते. पिल्ले तेवढी निघत नाहीत.

आमची चूक

आता ते नुकसान सांगतो. आमच्याकडे भुईमुगाची पेंड होती. पावसाळ्यात तिला बुरशी आली. आम्ही म्हटले, टाकायची कशाला? पाखरेच तर खाणार. पेंड भिजवून दोन्ही पिलांना घातली. कोंबडीची पिल्ले वाचली. पण पऱ्यात पोहणाऱ्या त्या दहा बदकांपैकी सात आठवड्याच्या आत मेली. खाणे सोडले, पाय लटपटले, मान मागे वळली आणि गेली. वहिनी रोज यायच्या आणि गुपचूप पाहून जायच्या. शाळेत मुलांच्या चुका काढण्यात आमचा जन्म गेला. ही चूक मात्र आमची होती.

पुढे वाचनात आले. इंग्लंडात १९६० साली एक लाखावर टर्की पक्षी असेच मेले. बदकाची पिल्लेही मेली. शोध केला तेव्हा भुईमुगाच्या पेंडीतली बुरशी सापडली. ती विष तयार करते. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. उकळूनही ते जात नाही. कोंबडीच्या पिलापेक्षा बदकाच्या पिलाला ते फार लवकर बाधते. म्हणून बुरशी लागलेली पेंड, मका, कणी पाखरांना घालू नका. गुरांनाही नको. पुरून टाका.

रोगराई

मानमोडीने कोंबड्या मरतात. तिची पहिली लस पिल्लू आठवड्याचे झाले की डोळ्यात थेंब टाकून देतात. बदकांच्या प्लेगची लस वेगळी. दोन्हींसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

बदक पुष्कळदा रोग पोटात बाळगते आणि स्वतः धडधाकट दिसते. बर्ड फ्लूचे असेच आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांत तो आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा पाखरे एकाएकी भराभर मरू लागली तर मेलेले पाखरू खाऊ नका, पऱ्यात टाकू नका, उघड्या हाताने धरू नका. ताबडतोब दवाखान्यात कळवा. एरवीही बदकाचे अंडे चांगले उकडूनच खा.

आज आमच्या परसात आठ कोंबड्या आणि पाच बदके आहेत. आवार एक आहे. पण पाणी वेगळे, झोपायची जागा वेगळी. वहिनींनीही यंदा चार बदके घेतली. परवा त्या म्हणाल्या, "गुरुजी, पेंड आधी नाकाला लावून बघते, मगच घालते."

सात पिल्ले गेली, ती परत यायची नाहीत. पण तुमची वाचली तर आमचे शिकणे कामी आले. हा धडा वाचून झाला की घरात जो पाखरांना दाणा घालतो, त्याला वाचून दाखवा.