हायड्रोजनाचा जमाखर्च

पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन मोकळा करण्याची क्रिया ज्याने शाळेच्या प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्यांत पाहिली आहे, त्याला तीच क्रिया कारखान्यात चाललेली पाहताना दिसत मात्र काहीच नाही. कारण ज्या घटनेसाठी हा सारा पसारा मांडलेला असतो ती पोलादी चौकटीत आवळलेल्या पत्र्यांआड घडते, आणि बाहेर उरतो तो रेक्टिफायरचा अखंड गुणगुणाट व नळांतून जाणवणारी उष्णता.

एका औद्योगिक वसाहतीतील ज्या इलेक्ट्रोलायझरपाशी मला उभे राहण्याची परवानगी मिळाली, तो क्षारीय पद्धतीचा होता. निकेलचा मुलामा दिलेले इलेक्ट्रोड, त्यांच्यामधला सच्छिद्र पडदा, आणि शेकडा २५ ते ३० कॉस्टिक पोटॅश असलेले, ८० अंशांच्या आसपास तापलेले द्रावण, ज्याला तेथील माणसे नुसते ‘लाय’ म्हणतात, असा त्याचा अंतर्भाग. प्रत्येक घटाच्या वाट्याला जेमतेम दोन व्होल्ट येतात. ऋणाग्रावर हायड्रोजन व धनाग्रावर प्राणवायू सुटतो. बुडबुडे लाय आपल्याबरोबर वर विभाजकात नेतात, तेथून वायू पुढे जातो आणि लाय थंड होऊन परतते. हायड्रोजनात राहिलेला प्राणवायूचा अंश पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर पाणी होऊन निघतो, व शेवटी शोषकांच्या मनोऱ्यांत वायू कोरडा होतो. एक किलो हायड्रोजनाला हिशेबाने ९ लिटर पाणी पुरते. वीज मात्र ५० ते ५५ युनिट लागते.

नियंत्रणकक्षात सर्वांची नजर ज्या आकड्यावर खिळलेली होती, तो उत्पादनाचा नव्हता. प्राणवायूत हायड्रोजन किती मिसळला आहे, याचा होता. पडद्यातून थोडा हायड्रोजन पलीकडे झिरपतोच. यंत्र पूर्ण भाराने चालते तेव्हा प्राणवायूच्या लोंढ्यात तो नगण्य ठरतो. परंतु सूर्यावर ढग आला, सौर वीज घटली व प्राणवायू कमी सुटू लागला, तरी झिरपणे जवळजवळ तितकेच राहते, आणि मिश्रणातील त्याचा टक्का चढतो. शेकडा ४ ला मिश्रण ज्वालाग्राही होते. यंत्र त्याच्या निम्म्यावरच बंद पाडण्याची तजवीज असते. “ऊन उतरलं की आम्हांला दुसरं काही सुचत नाही,” असे पाळीवरचे गृहस्थ म्हणाले.

ऊन उतरल्यावरही यंत्र चालू ठेवायचे, तर वीज ग्रिडच्या जालातून, म्हणजे मुख्यतः कोळशाची, घ्यावी लागते, आणि प्रश्न खरा गहन होतो तो येथे. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोळशाच्या विजेवर पाणी फोडले, तर तोच भार ४० किलोंच्या वर जातो. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनासाठी २ किलोंची मर्यादा ठरविली, तीही बारा महिन्यांच्या सरासरीने.

ही विद्या आपल्याला नवी नाही. भाक्रा धरणाच्या विजेवर नांगल येथे खतासाठी पाणी फोडले जात होते, आणि १९६२ पासून तेथे जड पाणीही निघू लागले. खतासाठी लागणाऱ्या एक टन अमोनियाला सुमारे पावणेदोनशे किलो हायड्रोजन लागतो. अमोनियासाठी त्याला दुसरा पर्याय नाही. लोहखनिजातील प्राणवायू कोळशाऐवजी हायड्रोजनाने काढता येतो, हे स्वीडनमधील लुलिओ येथे २०२१ मध्ये प्रत्यक्ष लोखंड करून दाखविले गेले. इतक्या विजेने मिळविलेला हा वायू स्वयंपाकाच्या गॅसच्या नळात मिसळणे मला अपव्यय वाटतो. आकारमानाने शेकडा २० मिसळला, तरी त्यातून उष्णतेचा जेमतेम सात टक्के वाटा मिळतो. तो आधी खताला व पोलादाला द्यावा.

आणि त्याच्या विजेचा हिशेब तासागणिक मांडावा. बारा महिन्यांच्या सरासरीत दुपारचे ऊन रात्रीच्या कोळशाला सहज झाकून टाकते. जो कारखाना प्राणवायूतील टक्का क्षणाक्षणाला मोजतो, त्याला विजेचा उगम दर तासाला नोंदविणे मुळीच जड नाही.