नव्या घराचे कॉक, खटके आणि कागद

नव्या घरात पहिल्या दिवशी दूध उतू घालायची आपल्याकडे रीत आहे. त्यासाठी आधी शेगडी पेटायला हवी, आणि घर लावण्याचं खरं काम तिथूनच सुरू होतं. टेम्पोतून उतरवलेले खोके आठवडाभर भिंतीला टेकून राहिले तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण गॅस, पाणी आणि वीज घरात कुठून येतात आणि कुठे बंद होतात, हे पहिल्या एक-दोन दिवसांतच पाहून ठेवावं. पडदे कुठले लावायचे ते नंतर ठरवता येतं.

सिलिंडरच्या घरातून पाइप गॅसच्या घरात आला असाल तर जुनी शेगडी तशीच जोडू नका. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. त्याचा दाब सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी असतो, आणि तेवढ्याच गॅसमधून उष्णताही कमी मिळते. म्हणून शेगडीतलं जेट, म्हणजे बारीक भोकाचं पितळी तोंड, बदलून मोठ्या भोकाचं बसवावं लागतं. गॅस कंपनीकडून आलेल्या माणसाकडूनच ते करून घ्या. पाइपवरून सिलिंडरवर येताना हा बदल राहून गेला, तर ज्योत पिवळी आणि भडक होते, भांडी काजळतात, आणि ते धोक्याचं असतं. आणखी एक फरक म्हणजे सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की जमिनीलगत साचतो, तर नैसर्गिक वायू हलका असल्यामुळे वर चढतो. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन लावा. गाव बदललं असेल तर जुन्या एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करावे लागतात. तिथे मूळ पावतीवरची अनामत परत मिळते, नव्या गावी मात्र आजच्या दराने भरावी लागते.

घर बदलल्यावर लोकांना सगळ्यात जास्त छळतं ते पाणी. सोसायटीत पालिकेचं पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून आपल्याच वजनाने खाली येतं. टाकीतल्या पाण्यापासून नळ जितका खाली, तितका दाब जास्त. दर मीटरला साधारण ०.१ बार. त्यामुळे दहा मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर नळ धो धो वाहतो, आणि टाकीच्या थेट खाली राहणाऱ्याचा शॉवर मात्र नुसता ओघळतो. टाकी गच्चीलाच टेकलेली असेल तर त्या मजल्याला ०.३ बारही मिळत नाही. तिथे महागडा शॉवर घेण्याआधी टाकी किती उंचीवर आहे ते गच्चीवर जाऊन बघा. बऱ्याचदा उपाय वेगळाच असतो: लहानसा प्रेशर पंप बसवायचा, किंवा नळाच्या तोंडाची कचऱ्याने भरलेली जाळी धुवायची.

मग कॉक शोधा. बाथरूममध्ये छताजवळ, डक्टमध्ये, सिंकखाली, कधी गच्चीवर टाकीपाशी ते असतात. एकेक बंद करायचा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने कुठला नळ थांबला ते ओरडून सांगायचं. वर्षानुवर्षं न हललेला कॉक जोर लावून फिरवू नका, दांडी मोडते; थोडा पुढे, थोडा मागे करत सैल करा. अनेक इमारतींत स्वयंपाकघराला पालिकेचं आणि बाथरूमला बोअरचं पाणी असतं, म्हणून पिण्याचा नळ कोणता आणि पाणी किती वाजता येतं ते वॉचमनला विचारून घ्या. ही माहिती त्याच्याइतकी पक्की दुसऱ्या कुणाकडे नसते. बरेच महिने बंद असलेल्या घरात मोरीतून घाण वास येतो. तो बहुधा जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकल्यामुळे येतो. हे अडून राहिलेलं पाणीच गटारातली हवा आणि झुरळं थोपवतं. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

विजेच्या पेटीतही हाच उद्योग करायचा. सगळे दिवे-पंखे लावून एकेक एमसीबी खाली करा आणि कशाने काय बंद झालं ते पट्टीवर लिहून पेटीतच चिकटवा. पण एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. शॉर्ट झालं किंवा भार वाढला की तो पडतो. शरीरातून जीवघेणा प्रवाह गेला तरी एमसीबीच्या हिशेबाने तो क्षुल्लक असतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतोय का, हे तो सतत ताडून बघतो. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की तो क्षणात वीज तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबा. खटका पडला नाही, किंवा पेटीत आरसीसीबीच नसेल, तर गीझर लावण्याआधी वायरमनला बोलवा. गीझरला १६ अँपिअरचा सॉकेट हवा. दोन हजार वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर खेचतो. आणि चावी हातात आली त्याच दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून घरमालकाला पाठवून द्या.

कागदांचं थोडक्यात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं अजूनही सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. पुढे पत्त्याचा पुरावा म्हणूनही हाच करार कामी येतो. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी २०२२ पासून फॉर्म ८ आहे, मतदारसंघ बदलला असला तरी तोच चालतो.

भिंतींची परीक्षा मात्र पावसाळ्यातच होते, म्हणून उन्हाळ्यात घर घेतलेल्यांनी कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवावीत. आपल्याकडे पाऊस बहुधा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूच्या भिंतींवर लक्ष ठेवा. ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढून शेजारी तारीख घाला. नुसत्या पावसात वाढली तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येतंय. बारमाही असेल तर वरच्या घराच्या बाथरूमवर किंवा पाइपवर संशय घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, म्हणून सचिवांना त्या तारखांसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रंगाची घाई नको. ओल्या भिंतीवरचा रंग फुगून पापुद्रे निघतात. गळती बंद करून भिंत पुरती वाळू द्यावी, मग दिवाळीच्या सुमारास रंगाऱ्याला बोलवावं.