वाढती नोंदवही आणि तुटणारी तार

तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु या नावाचा अर्थच मुळी ‘पवित्र पाच नद्या’ असा आहे. कावेरीकाठच्या या गावी जलपातळी मोजणारे एक यंत्र बसविले असून ते दर पंधरा मिनिटांनी संगणकातील एका फाइलीत एक ओळ लिहिते, अशी कल्पना करू. अशा वाढत्या फाइलीस लॉग म्हणतात. एक लहानसा प्रोग्रॅम ती वाचून प्रत्येक नवी ओळ तंजावरला धाडतो. तो पर्ल भाषेत लिहिलेला आहे. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली ही भाषा मजकुराच्या छाननीस विशेष सोयीची आहे.

लॉग बेसुमार वाढू नये म्हणून मध्यरात्री जुन्या फाइलीचे नाव बदलून मूळ नावाची नवी फाइल उघडतात. फसगत होते ती येथे. युनिक्स कुळातील प्रणालींत उघडलेली फाइल नावाशी नव्हे, तर इनोड नामक नोंदीशी बांधलेली असते. त्यामुळे आपला प्रोग्रॅम जुन्याच वहीच्या शेवटच्या पानावर निमूटपणे वाट पाहत बसतो. नदी चढत असते आणि तंजावरला त्याची वार्ताही नसते! यास्तव ‘स्टॅट’ या आज्ञेने नावामागील इनोड वारंवार तपासावा. तो बदललेला दिसल्यास जुन्या फाइलीतील उरलेल्या ओळी आधी वाचाव्यात, मग नवी उघडावी. फाइलीचा आकार आपण वाचलेल्या स्थानाहून कमी भरला, तर ती मध्येच रिकामी केली गेली असे समजून आरंभापासून वाचावे.

जोडणी तुटण्याचे प्रकार दोन. पलीकडील संगणकाने ती रीतसर बंद केली, तर ‘सिसरीड’ शून्य परत करते. बंद जोडणीवर लिहू गेल्यास मात्र ‘सिगपाइप’ हा संकेत येऊन प्रोग्रॅमच संपतो, म्हणून तो संकेत आधीच दुर्लक्षित करून लेखनाचे फळ तपासावे लागते. तारच तुटली तर काहीच कळत नाही. प्रस्तुत लेखकास हा दुसरा प्रकार अधिक घातक वाटतो. त्यावर ‘सिलेक्ट’ला कालमर्यादा घालणे हा एक मार्ग. शिवाय लेखन सफल झाले याचा अर्थ ओळ आपल्याच संगणकाच्या प्रतीक्षास्थानी पोहोचली, एवढाच. तंजावरहून पोच आल्यावरच वाचनाचे स्थान पुढे सरकवून तबकडीवर नोंदवावे. पोच वाटेत हरवल्यास तीच ओळ पुन्हा जाईल. ओळीवरील दिनांक व वेळ पाहून ती तेथे गाळता येते. पुन्हा जोडताना एक, दोन, चार, आठ सेकंद असे थांबत जावे आणि पाच मिनिटांपलीकडे हे अंतर वाढू देऊ नये, कारण पुराच्या रात्री तेवढ्यातही पाणी चढते.