अद्भुत राज्यांच्या सीमा आणि सीमेचा राखणदार

अद्भुत कथेतील राज्य नेमके कोठे संपते, हे वाचकाला कसे उमगते? वास्तवातील राष्ट्रांच्या सीमा करार, नकाशे, खांब आणि चौक्या यांनी निश्चित होतात. कल्पित राज्याला असा बाहेरचा आधार नसतो. त्याची सीमा कथनातूनच सिद्ध व्हावी लागते. या सिद्धीच्या दोन रीती प्रामुख्याने आढळतात. पहिलीत सीमा डोळ्यांना दिसते. तिला आपण 'खूण' म्हणू. दुसरीत ती दिसत नाही, ओलांडणाऱ्यावर पडणाऱ्या बंधनातून जाणवते. तिला 'अट' म्हणू. या दोन रीतींचा परिचय करून देणे आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या राखणदाराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिल्या रीतीचे ठळक उदाहरण म्हणजे जे. आर. आर. टोल्कीन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) ही कादंबरी. तिच्यासोबत नकाशे छापलेले आहेत. गोंडोर या राज्याच्या जुन्या उत्तर सीमेवर, नदीच्या दोन्ही काठांना, दोन प्राचीन राजांचे प्रचंड पाषाणपुतळे इशाऱ्याचा हात उंचावून उभे आहेत. कथा घडते त्या काळी गोंडोरची सत्ता पुष्कळ आक्रसलेली आहे. तरीही पुतळ्यांचा दरारा ओसरलेला नाही. खूण सत्तेपेक्षा दीर्घायुषी ठरते. आपल्याकडील गधेगाळींचा अनुभव असाच आहे. शिलाहारकालीन दानाच्या या दगडांवर वर चंद्र-सूर्य आणि खाली दान मोडणाऱ्यास उद्देशून शापदर्शक शिल्प असते. शिलाहार गेले, दगड राहिले.

मराठी अद्भुत कथनाचा कल मात्र दुसऱ्या रीतीकडे दिसतो. कहाण्यांतील आटपाट नगराची हद्द सहसा कोणी सांगत नाही. श्रीधरांच्या 'जैमिनी अश्वमेधा'त राज्यांच्या सीमा ठरतात त्या घोड्यामुळे. घोडा मोकळा फिरतो तोवर भूमी एकसलग असते; कोणी त्याला धरले की तेथे दुसरे राज्य असल्याचे कळते. प्रमिलेचे स्त्रीराज्य असेच प्रकट होते. म्हणजे येथे सीमा भूमीवर आधीपासून आखलेली नसते, प्रतिकाराच्या क्षणी ती उत्पन्न होते.

धुंडीसुत मालूच्या 'नवनाथ भक्तिसारा'तील (शके १७४१) स्त्रीराज्य याहून सूक्ष्म आहे. तेथे तट नाही, खंदक नाही. आहे तो मारुतीचा भुभुःकार. त्या नादाच्या प्रभावाने पुरुषगर्भ टिकत नाही. नाद पोहोचतो तेथवर राज्य, असा हा हिशेब आहे. मच्छिंद्रनाथांना परत आणण्यासाठी निघालेला गोरक्ष कलिंगा या नर्तकीच्या ताफ्यात मिसळून जातो खरा. परंतु वेषांतर पुरेसे ठरत नाही. सीमेवर अस्त्रांची योजना करून त्याला आधी मारुतीला रोखावे लागते.

'अट' ही केवळ कविकल्पना आहे काय? चाळीसगावच्या परिसरातून पाहिले तर तसे वाटत नाही. गावाच्या दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे. १९४७ पर्यंत अलीकडचा खानदेश ब्रिटिश अमलाखाली, तर घाटापलीकडचे कन्नड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. डोंगर एकच, दोन्हीकडची शेतकरी प्रजाही बहुतांशी मराठी बोलणारी. परंतु पलीकडे चलन हाली शिक्क्याचे आणि जकात करोडगिरी खात्याची. आपण परराज्यात आलो आहोत, हे प्रवाशाला डोंगर सांगत नसे; कमरेच्या कशातील नाणे सांगे.

आता राखणदाराकडे वळू. गावगाड्यात शिवेचा जाणकार म्हणजे महार वतनदार. शिवेचा तंटा उपस्थित झाला की त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. गावाची हद्द त्याच्या स्मरणात आणि पावलांत असे. त्याची वस्ती मात्र वेशीबाहेर. हे वतन १९५८ च्या कायद्याने नष्ट झाले. अद्भुत कथांतही अशीच रचना आढळते. स्त्रीराज्य ज्याच्या नादावर टिकते तो मारुती त्या राज्याचा रहिवासी नाही. टोल्कीनच्या कादंबरीत शायर या सुखी प्रांताचे रक्षण करणारे रानवाटांचे फिरस्ते शेजारच्या ब्री गावात संशयास्पद ठरतात. सीमा राखणाऱ्याला सीमेच्या आत स्थान नाही, हे सूत्र तिन्ही ठिकाणी समान आहे. भेद आहे तो येथे: मारुतीचे बाहेर असणे दैवी आहे, फिरस्त्यांचे व्रतस्थ आहे, महाराचे सक्तीचे होते. अद्भुत कथा राखणदाराला उदात्त करते आणि त्या उदात्ततेआड सक्तीचा प्रश्न झाकला जातो.

तो प्रश्न उघडा करणारी घटना याच गावी घडली आहे. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशच्या दौऱ्यात चाळीसगाव स्थानकावर उतरले. महारवाड्यात मुक्कामाला जायचे होते. पण अस्पृश्याचा टांगा हाकायला कोणी टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतीलच एका अननुभवी माणसाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या पुलाशी अपघात झाला आणि बाबासाहेबांना गंभीर दुखापत झाली. स्थानक ते महारवाडा या वाटेवर खांब नव्हता, चौकी नव्हती. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरलाही तेथे परका ठरवणारी अट तेवढी होती. हा प्रसंग त्यांनी ज्या आत्मपर टिपणांत नोंदवला, ती १९९० मध्ये 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुस्तकरूपात आली. परवाना परक्या देशात शिरण्यासाठी लागतो. येथे तो स्वदेशातच मागावा लागतो आहे, हे त्या शीर्षकातून सूचित होते.

या विवेचनावरून असे म्हणता येईल की, अद्भुत राज्याचा अभ्यास करताना त्याचा नकाशा काढणे ही पहिली पायरी आहे. तेथे प्रवेशाची अट कोणती, ती कोणावर पडते आणि तिची राखण करणारा रात्री कोठे निजतो, हे प्रश्न त्यापुढचे आहेत. वर्गात स्त्रीराज्याचा आख्यानभाग शिकवताना भुभुःकाराच्या चमत्कारावर आपण थांबतो. तो नाद करणाऱ्याला त्या राज्यात घर का नाही, हेही विद्यार्थ्यांना विचारावयास हवे.