गुडघ्यात पाणी का होते? सांध्यांची सूज : कारणे व उपचार

५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस गुडघ्याच्या दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसून धर्मभगिनींच्या प्रमुखांना भेटण्यासाठी आले. ते छायाचित्र जगभर पोहोचले. त्याच वर्षी जुलै महिन्यात ठरलेला काँगो व दक्षिण सुदानचा दौरा त्यांनी डॉक्टरांच्या विनंतीवरून पुढे ढकलला. गुडघ्यावर चाललेल्या उपचारांचा लाभ वाया जाऊ नये, हे त्याचे कारण होते. पुढे २०२३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांनी तो दौरा पूर्ण केला. आपले दुखणे न लपवता वैद्यकीय सल्ल्यापुढे मान तुकविणारे हे पोपमहोदय २१ एप्रिल २०२५ रोजी प्रभूघरी गेले.

आपल्या धर्मग्रामांतही सुजलेले गुडघे घेऊन मिस्साला येणारे अनेक वडीलधारे आहेत. "गुडघ्यात पाणी झाले आहे" असे ते सांगतात आणि बाम, मालीश किंवा शेजाऱ्याने सुचविलेली गोळी यांवर महिनोन्‌महिने काढतात. परंतु सांध्यात पाणी होणे हा स्वतंत्र आजार नसून दुसऱ्या एखाद्या आजाराचे लक्षण आहे. त्यामागील कारण प्रत्येक रुग्णात वेगळे असू शकते आणि कारणानुसार उपचारही बदलतात. म्हणूनच या विषयाची थोडी सविस्तर माहिती करून घेणे हिताचे ठरेल.

हे पाणी येते कोठून?

आपल्या गुडघ्यात हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढविलेली असतात. सांध्याच्या आतील बाजूस एक नाजूक अस्तर असते. हे अस्तर अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा चिकट, पारदर्शक द्रव तयार करते. हा द्रव वंगणाचे काम करतो व कूर्चेचे पोषणही करतो. निरोगी गुडघ्यात तो चमचाभरही नसतो. अस्तराला इजा झाली, दाह झाला किंवा जंतुसंसर्ग झाला की ते गरजेपेक्षा अधिक द्रव निर्माण करू लागते. मग हा द्रव ३०, ५०, कधी १०० मिलिलीटरहूनही अधिक साचतो. गुडघा वाटीच्या वरच्या बाजूस फुगतो, ताठरतो, पूर्णपणे वाकत नाही.

याचा आणखी एक परिणाम होतो. सांध्यात द्रव साचला की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप दुर्बल होतो. त्यामुळे जिना उतरताना पाय अचानक मुडपतो आणि वृद्ध माणसे पडतात. सूज फारशी दुखत नसली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, ते याचसाठी.

प्रमुख कारणे

१. दुखापत : खेळताना किंवा पाय घसरून गुडघा पिळवटला आणि दोन-चार तासांतच तो टम्म फुगला, तर बहुधा सांध्यात रक्तस्राव झालेला असतो. आतील अस्थिबंध तुटलेला असू शकतो किंवा हाड मोडलेले असू शकते. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर गुडघ्यातील गादी फाटल्याची शक्यता अधिक असते. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांना किरकोळ माराने किंवा माराशिवायही असा रक्तस्राव होऊ शकतो.

२. सांध्याची झीज : चाळिशी-पन्नाशीनंतर आढळणारे हे सर्वांत सामान्य कारण आहे. वाढलेले वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता, तसेच वर्षानुवर्षे उकिडवे बसून किंवा गुडघे टेकून केलेली कामे यांमुळे कूर्चा झिजते. वाडीत भाजी खुडणाऱ्या व बाजारात मासळी विकणाऱ्या आपल्या मायबहिणींना याचा अनुभव आहे. अधिक श्रमांनंतर अशा गुडघ्यात पाणी भरते व विश्रांतीने ते कमी होते.

३. संधिवात : ऱ्हुमॅटॉइड प्रकारच्या संधिवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे, गुडघे सुजतात आणि सकाळी तासभर किंवा अधिक काळ आखडलेले राहतात. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषधे सुरू झाली तर सांधे वाकडे होण्याचे टाळता येते.

४. गाऊट : रक्तातील युरिक आम्ल वाढले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. पायाचा अंगठा किंवा गुडघा मध्यरात्री लालबुंद होऊन असह्य ठणकू लागतो. मद्यपान, विशेषतः बिअर, तसेच मांस व मासळीचा अतिरेक यांमुळे तो उफाळतो. लग्नसराई व सणांनंतर असे रुग्ण वाढले तर नवल नाही.

५. जंतुसंसर्ग : सर्वांत धोकादायक कारण हेच. जंतू रक्तातून किंवा जखमेतून सांध्यात शिरतात व तेथे पू होतो. उपचारांविना काही दिवसांतच कूर्चा कायमची नष्ट होते आणि संसर्ग रक्तात पसरल्यास प्राणावर बेतते. मधुमेही, वृद्ध, कृत्रिम सांधा बसविलेले व प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांना अधिक धोका असतो. आपल्या देशात सांध्याचा क्षयरोगही विसरता येत नाही. त्यात एकच सांधा आठवड्यांमागून आठवडे सुजत जातो, मांडी रोडावते, वजन घटते. क्षयरोगाची औषधे शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. चिकुनगुन्यानंतरही सांधे कित्येक महिने सुजलेले राहू शकतात. २००६ च्या साथीत महाराष्ट्रातील अनेकांनी हे सोसले आहे.

गुडघे टेकणाऱ्यांची सूज

वाटीच्या अगदी समोर किंवा तिच्या किंचित खाली मऊ गाठीसारखी सूज आली, तर ती बहुतेक वेळा सांध्याच्या बाहेर असते. त्वचा व हाड यांच्यामध्ये घर्षण टाळणारी एक लहान पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. सतत गुडघे टेकल्याने तिच्यात पाणी भरते. इंग्रजी वैद्यकात या सुजेच्या एका प्रकाराला चक्क 'पाद्र्याचा गुडघा' असे नाव आहे! यरुशलेमचे पहिले धर्माध्यक्ष संत याकोब यांचे गुडघे अखंड प्रार्थनेमुळे उंटाच्या गुडघ्यांसारखे कठीण झाले होते, अशी परंपरा दुसऱ्या शतकातील हेगेसिप्पस यांनी नोंदविली आहे व इतिहासकार युसेबियस यांनी ती जतन केली आहे. बर्साच्या सुजेवर काही आठवडे गुडघे न टेकणे हाच मुख्य उपचार आहे. मात्र ती जागा लाल व गरम झाली तर तेथेही संसर्ग असू शकतो.

तपासणी व उपचार

डॉक्टर गुडघा तपासून गरजेनुसार एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय किंवा रक्ताच्या चाचण्या सांगतात. परंतु कारण अस्पष्ट असेल किंवा संसर्गाची शंका असेल, तर सुईने थोडे पाणी काढून तपासणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. निरोगी द्रवात दर घनमिलिमीटरला २०० हून कमी पांढऱ्या पेशी असतात. दाहात त्या हजारोंनी वाढतात व जंतुसंसर्गात पुष्कळदा ५०,००० च्या पुढे जातात. सूक्ष्मदर्शकाखाली गाऊटचे स्फटिक दिसतात आणि जंतूंची वाढ करून योग्य प्रतिजैविक ठरविता येते.

"एकदा पाणी काढले की ते पुनःपुन्हा भरते" हा समज आपल्याकडे दृढ आहे. वस्तुतः पाणी काढल्यामुळे ते भरत नाही. मूळ आजार तसाच राहिल्यामुळे ते भरते. निर्जंतुक पद्धतीने, तज्ज्ञ डॉक्टरांच्या हातून काढल्यास त्यात धोका अत्यल्प असतो व ताण तत्काळ हलका होतो.

पुढील उपचार कारणावर अवलंबून असतात. जंतुसंसर्गात रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविके देतात व सांधा धुऊन काढतात. संधिवातात मेथोट्रेक्सेटसारखी औषधे नियमित रक्ततपासणीसह दीर्घकाळ घ्यावी लागतात. गाऊटमध्ये आधी दाह शमवून युरिक आम्ल कमी करणारी औषधे दीर्घकाळ चालू ठेवतात. झिजेमध्ये व्यायाम व वजन घटविणे यांना अग्रस्थान आहे. एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. सांध्यातील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो. मात्र दोन इंजेक्शनांत साधारणतः तीन महिन्यांचे अंतर असावे. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, तर संसर्ग असताना ते मुळीच देत नाहीत. झीज अखेरच्या टप्प्यात असेल तर सांधेरोपणाचा विचार करतात.

घरी काय करावे?

दुखापतीनंतर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, दिवसातून काही वेळा लावावा. क्रेप बँडेज बांधावे, पण फार घट्ट नको. पाय उंच ठेवावा. सुजलेला सांधा रगडून मालीश करू नये. गुडघ्याखाली उशी घेऊन दिवसभर पाय वाकवून ठेवू नये, त्याने सांधा आखडतो. वेदना ओसरल्यावर पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळून सैल सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्या मूत्रपिंड, जठर व हृदय यांना अपाय करू शकतात. नाव नसलेल्या पुड्यांपासून तर दूरच राहावे, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

सांधा सुजून गरम झाला व ताप आला, अपघातानंतर पायावर भार देता येईना, कृत्रिम सांधा एकाएकी सुजला किंवा तापलेले मूल पाय टेकवीना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

मिस्सातील गुडघे टेकणे

गुडघे सुजलेले असूनही काही भाविक बाकाचा आधार घेत, दात-ओठ खात गुडघे टेकतात. न टेकल्यास पाप लागेल, अशी भीती त्यांच्या मनात असते. ही भीती निराधार आहे. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील ४३ वा परिच्छेद प्रकृतीच्या कारणास्तव गुडघे न टेकण्याची स्पष्ट मुभा देतो. परिवर्तनानंतर धर्मगुरू गुडघा टेकवून वंदन करतात तेव्हा अशा भाविकांनी खोल नमन करावे, एवढेच त्यात सांगितले आहे. ज्यांना उभेही राहवत नाही, त्यांनी बसूनच भक्तिभावाने सहभागी व्हावे. त्यांच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये. ज्यांना मंदिरापर्यंत येणेच अशक्य झाले आहे, त्यांच्या घरच्यांनी आपल्या धर्मगुरूंना कळवावे. त्यांच्यासाठी पवित्र कम्युनियन घरी नेले जाते.

बेन सिरा ग्रंथाचा ३८ वा अध्याय आजारी माणसाला दोन गोष्टी सांगतो : परमेश्वराची प्रार्थना कर आणि वैद्यालाही त्याचे स्थान दे, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे. आपल्या घरातील सुजलेल्या गुडघ्यांसाठी जपमाळ अवश्य म्हणावी, आणि डॉक्टरांची भेटही याच आठवड्यात ठरवावी.