छत्तीस क्षणांचे परिमाण

घरात विवाह, तपाचे पारणे किंवा तीर्थयात्रा झाली, की आठवडाभरात प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये शेकडो छायाचित्रे साठतात. ती पाहायला मात्र कुणाला सवड नसते. एकाच प्रसंगाची पंधरा चित्रे पुसण्याचाही कंटाळा येतो. अपरिग्रहाचा उपदेश श्रद्धेने ऐकणाऱ्या आपल्या घरांत हा एक नवा परिग्रह नकळत वाढला आहे. अशा काळात देशोदेशीचे तरुण पुन्हा फिल्मच्या कॅमेऱ्याकडे वळत आहेत. २०२४ मध्ये तर पेंटॅक्सने फिल्मवर चालणारा नवा कॅमेरा बाजारात आणला. ही केवळ जुन्याची हौस आहे, की तिच्यात आपण घ्यावे असे काही आहे?

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावाला फिल्म परकी नाही. बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री हा साधा कॅमेरा एके काळी अनेक घरांत असे. त्याच्या रोलमध्ये बाराच चित्रे निघत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म तर देशातच बनत होती. कुणी माल आणायला मलकापूरला निघाले, की धुण्यासाठी रोलही सोबत दिला जाई. फिल्मची पारदर्शक पट्टी ज्या सेल्युलोजपासून बनते, ते मिळण्याचे एक साधन म्हणजे कापूस, आपल्या पंचक्रोशीचेच पीक.

समाज म्हणूनही आपले या कलेशी जुने नाते आहे. भारतीय छायाचित्रणाचे अग्रणी राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जैन कुटुंबात झाला. रुडकीला अभियांत्रिकी शिकून ते इंदूरला नोकरीस लागले आणि तेथेच कॅमेऱ्यात रमले. पुढे हैदराबादच्या निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. त्यांच्या काळी एकेक चित्र काचेच्या जड तावदानावर घ्यावे लागे; उगाच चित्र काढणे परवडणारे नव्हते.

फिल्मचा खरा आनंद याच मर्यादेत आहे. पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस चित्रे मिळतात. पेढीच्या भाषेत सांगायचे, तर मोबाईलचे छायाचित्रण म्हणजे न संपणारी उधारी आणि फिल्म म्हणजे रोखीचा व्यवहार. प्रत्येक चित्र रोजमेळात मांडले जाते. म्हणून बटण दाबण्यापूर्वी माणूस थांबतो. आजीच्या चेहऱ्यावर ऊन कोणत्या बाजूने पडले आहे, हे तो प्रथमच नीट पाहतो. सकाळी चौदा नियम धारण करणाऱ्या श्रावकाला हा अनुभव नवा नाही. मर्यादा घातली, की हाती उरलेल्याची गोडी वाढते.

दुसरा आनंद प्रतीक्षेचा. बटण दाबल्यावर फिल्मवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. प्रकाशाने चांदीच्या क्षारांत घडवलेला बदल रसायनात धुतल्यावरच प्रकट होतो. तोवर पडद्यात डोके खुपसण्याची सोय नसल्याने माणूस त्या प्रसंगातच राहतो. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम ही विख्यात रंगीत फिल्म बंद केली, तेव्हा शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. त्यातील छत्तीस चित्रांसाठी ते न्यूयॉर्कहून मुंबईला आणि राजस्थानला आले.

मात्र फिल्म हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट जैन घराला ठाऊक असायला हवी. चांदीचे हे क्षार फिल्मवर धरून ठेवते ते जिलेटिन, आणि ते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. १९२५ मध्ये कोडॅकचे शास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड यांनी दाखवून दिले, की जिलेटिनातील गंधकाच्या सूक्ष्म अंशामुळे फिल्मची प्रकाश टिपण्याची शक्ती वाढते. त्याची जागा पूर्णपणे घेईल असा पदार्थ फिल्म उद्योगात आजही रूढ नाही. मोबाईल वापरणारेही यातून सुटत नाहीत. लग्नाचे अल्बम ज्या चांदीच्या क्षाराच्या कागदावर लॅबमध्ये छापले जातात, त्यावरही जिलेटिनच असते.

मग हा आनंद आपल्यासाठी नाहीच का? तसे नाही. मर्यादा आणि प्रतीक्षा यांना जिलेटिनाची गरज नसते. यात्रेला निघताना मोबाईलसाठीही छत्तीस चित्रांचे परिमाण ठरवता येते आणि ती घरी परतल्यावरच पाहण्याचा नियम घेता येतो. हाताने चित्र घडवण्याची ओढ असेल, त्याच्यासाठी सायनोटाइप आहे. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीत जिलेटिन नाही आणि चांदीही नाही. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे लोहाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून मंद उजेडात कागदावर लावायचे. कागद वाळला, की त्यावर गळून पडलेले पान ठेवून वर काच दाबायची आणि उन्हात धरायचे. नंतर साध्या पाण्यात धुतले, की गर्द निळ्या पार्श्वभूमीवर पानाची शुभ्र आकृती उमटते. काही चित्रकलेच्या कागदांनाही जिलेटिनाची खळ असते, म्हणून कागद विचारून घ्यावा. हातमोजे घालावेत, ही रसायने आम्लाशी मिसळू नयेत आणि मुलांसोबत मोठ्यांनी बसावे.

या पद्धतीत जुन्या निगेटिव्हही चालतात. आग्फा क्लिकची निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस असते. ती थेट कागदावर ठेवली, की तेवढेच चित्र मिळते. त्यासाठी नवी फिल्म लागत नाही. तेव्हा कपाटातल्या पाकिटांतून आजोबांच्या निगेटिव्ह काढा. आंबूस वास येत असेल, तर ती फिल्म खराब होऊ लागली आहे. ती इतरांपासून वेगळी ठेवा आणि तिचे चित्र आधी काढा. मोताळ्यात उन्हाची वाण नाही. पेढीला सुट्टी असेल अशा एखाद्या सकाळी गच्चीवर काच मांडा आणि आजोबा, आजी, जुने दुकान हळूहळू निळ्यातून वर येताना नातवंडांना पाहू द्या.