वाक्याच्या खांद्यावरचा आकडा

मराठवाड्यातल्या माणसाला हैदराबाद म्हटलं की काचीगुडा आठवतं. मनमाड, परभणी, नांदेडवरून येणारी रेल्वेची वाट इथे पोचते, आणि 1916 साली निजामाच्या काळात उभं राहिलेलं घुमट-मिनारांचं स्थानक समोर दिसतं. तिथून ईशान्येला निघालं, उस्मानिया विद्यापीठ आणि तार्नाका ओलांडलं, की हबशीगुडा लागतं. पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा, म्हणजे सीसीएमबी, ती इथे. पी. एम. भार्गव यांनी 1977 मध्ये तिची सुरुवात केली. पुढे अकरा वर्षं, 1998 ते 2009, तिचे संचालक होते लालजी सिंग.

लालजी सिंगांचे शोधनिबंध तारखेप्रमाणे मांडून त्यांवरची नावं वाचत गेलं, तर एका संशोधकाचं सगळं आयुष्य नावांच्या क्रमात दिसतं. रेण्वीय जीवशास्त्रात ज्याने हाताने प्रयोग केला त्याचं नाव सहसा पहिलं येतं, आणि ज्याच्या प्रयोगशाळेत, ज्याच्या छत्राखाली काम झालं त्याचं शेवटचं. अभंगात नाममुद्रा शेवटी येते तसं. 1980 साली 'क्रोमोसोमा' या नियतकालिकात आलेल्या निबंधावर क्रम आहे सिंग, पर्डम, जोन्स. तेव्हा ते एडिंबरोमध्ये केन जोन्स यांच्याकडे होते. 2009 साली 'नेचर'मध्ये आलेल्या निबंधावर पाच नावं आहेत: राइक, थंगराज, पॅटरसन, प्राइस आणि सगळ्यांत शेवटी सिंग. पहिली जागा आणि शेवटची जागा दाखवणाऱ्या या दोन निबंधांत एकोणतीस वर्षांचं अंतर आहे. इतर व्यवहारांत शेवटची जागा म्हणजे मागे पडणं. इथे ती घरातल्या वडीलधाऱ्याची जागा आहे.

1980 चा निबंध पट्टेरी मण्यारीवरचा. उत्तर प्रदेशातल्या कलवारी गावचा हा मुलगा बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर पीएच.डी. करून बाहेर पडला होता. सापांमध्ये मादीकडे एक वेगळं गुणसूत्र असतं, डब्ल्यू नावाचं. मण्यारीच्या मादीतून सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएचा एक छोटा अंश वेगळा केला. तो या डब्ल्यूवर दाटीने बसलेला निघाला. त्यात जी, ए, टी, ए ही चार अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. गाटा, गाटा, गाटा, मृदंगाचा ठेका चालू राहावा तशी. आणि हाच ठेका उंदराच्या नराकडच्या वाय गुणसूत्रावरही सापडला! सापांचे आणि सस्तन प्राण्यांचे पूर्वज सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. एवढ्या काळात डोंगर झिजून गेले, पण हा ठेका दोन्हीकडे वाजत राहिला.

माणसातही तो आहे, पण प्रत्येकात तो कितीदा वाजतो हे वेगवेगळं. लालजी सिंग 1987 मध्ये हैदराबादला आले आणि त्यांनी या मण्यारीच्या अंशाचाच शोधक म्हणून वापर केला. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1985 मध्ये, इंग्लंडात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी दुसऱ्या पुनरावृत्त तुकड्यांवरून डीएनए ठसे घेण्याची रीत दाखवली होती. रीत अशी: रक्तातला डीएनए विकरांनी कापायचा, तुकडे लांबीप्रमाणे जेलमध्ये वेगळे करायचे, किरणोत्सारी खूण लावलेला शोधक त्यांवर सोडायचा आणि वर एक्स-रे फिल्म ठेवायची. फिल्म धुतली की एकाखाली एक काळे पट्टे उमटतात. आई, मूल आणि वडील यांचे पट्टे शेजारी शेजारी ठेवले की मुलाचा एकेक पट्टा बोटाने दाखवता येतो. हा आईकडून आला, हा वडिलांकडून. एखादा पट्टा दोघांतही नसेल, तर प्रश्न उभा राहतो. केरळमधल्या एका पितृत्वाच्या खटल्यात सीसीएमबीतली ही तपासणी 1991 मध्ये न्यायालयाने ग्राह्य धरली. पुढे राजीव गांधी हत्या आणि नैना साहनी खून अशा प्रकरणांतही हैदराबादचे पट्टे बोलले.

आता त्या आकड्याकडे येऊ. शोधनिबंध उघडला की जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या खांद्यावर एक बारीक आकडा बसलेला दिसतो. शेवटच्या यादीत त्याच आकड्यापुढे कुणाच्या तरी आधीच्या कामाचं नाव असतं. हे मला आधीचं कोणी सांगितलं, त्याची ती कबुली. आपल्याकडे ही रीत परकी नाही. ज्ञानेश्वरांनीही आधीच्या भाष्यकारांचं ऋण उघडपणे मानलं आहे. पण या कबुल्या उलट्या बाजूने मोजायच्या, म्हणजे एखाद्या निबंधाचं ऋण नंतर किती जणांनी मानलं ते शोधायचं, ही कल्पना 1955 साली यूजीन गारफील्ड यांनी मांडली. 1964 पासून त्यांची विज्ञान-संदर्भसूची छापून येऊ लागली. त्यांना ही युक्ती सुचली कुठून? अमेरिकेतल्या वकिलांच्या पुस्तकावरून. कोणता जुना निवाडा पुढे कोणत्या खटल्यात उद्धृत झाला, याची सूची तिथे फ्रँक शेपर्ड यांनी 1873 पासून चालवली होती. मोजणीची रीत कोर्टातून प्रयोगशाळेत आली, आणि मण्यारीचा ठेका प्रयोगशाळेतून कोर्टात गेला. हे जेव्हा लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ वाचन थांबवून बसलो होतो.

संशोधकाची सगळी पुंजी एका आकड्यात सांगायची सोय 2005 साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने केली. त्याला एच-निर्देशांक म्हणतात. समजायला उतरंड डोळ्यांसमोर आणा. मात्र ती वरून खाली मोजायची, आणि सगळ्यांत मोठं मडकं वर आहे असं धरायचं. मडकं म्हणजे निबंध, त्याचा आकार म्हणजे संदर्भांची संख्या. समजा ती 40, 12, 9, 5, 5, 2, 0 अशी आहे. पाचव्या मडक्यात पाच मावतात, सहाव्यात सहा मावत नाहीत. म्हणून निर्देशांक 5. पहिल्या मडक्यात 40 ऐवजी 4,000 असते तरी उत्तर 5 च. एकच अफाट निबंध लिहिणाऱ्यावर ही मोजणी अन्याय करते, हे माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या आकड्यांतही नवल आहेच. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध 1951 चा आहे, ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा. त्यात विश्वाचं रहस्य नाही. द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजण्याची कृती आहे, आणि ती वापरणाऱ्यांनी 3 लाखांहून अधिक वेळा तिचं ऋण मानलं. डीएनएचा दुहेरी गोफ दाखवणारा वॉटसन-क्रिक यांचा 1953 चा निबंध मात्र 2014 साली 'नेचर'ने केलेल्या पहिल्या शंभरांच्या यादीतही नव्हता. गोफ सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडला की आता त्याचा दाखला द्यायची गरज फारशी कुणाला वाटत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने याला नाव दिलं: सामावून गेल्यामुळे पुसलं जाणं. स्वयंपाकात हळद घालताना ती पहिल्यांदा कुणी वाटली हे कोण विचारतं?

2009 च्या निबंधाचं तसं झालेलं नाही, तो आजही सतत उद्धृत होतो. भारतातल्या 25 समूहांतल्या 132 जणांच्या डीएनएमधल्या साडेपाच लाखांहून अधिक जागा त्यात तपासल्या. बहुतेक भारतीय दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आले आहेत, प्रमाण तेवढं वेगवेगळं, असा त्याचा निष्कर्ष. तुमच्या-माझ्या पूर्वजांचीच ती गोष्ट आहे.

पण न्यायाधीशाने डीएनए अहवालावर विसंबून दिलेला निकाल गारफील्डच्या सूचीत येत नाही. बाप सापडलेल्या मुलाची त्यात नोंद नाही. संशोधक निवडणाऱ्या, बढती देणाऱ्या समित्यांना म्हणूनच माझी विनंती आहे: आकडा जरूर बघा, पण त्याआधी निदान एक निबंध तरी वाचा.

गारफील्ड आणि लालजी सिंग दोघेही 2017 मध्येच गेले, एक फेब्रुवारीत आणि दुसरा डिसेंबरात. सीसीएमबी ज्या संस्थेचा भाग आहे त्या सीएसआयआरच्या स्थापनादिनाच्या, म्हणजे 26 सप्टेंबरच्या सुमारास, सीसीएमबी शाळकरी मुलांसाठी दारं उघडते. त्या दिवसांत काचीगुड्याला उतरलात तर मुलांना घेऊन हबशीगुड्याला जा, आणि भिंतीवरच्या तक्त्यांच्या तळाशी बारीक अक्षरात असलेली नावं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.